बिनदुधाचा चहा

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

मेहरूण, जळगाव
१२ जून २०२५

ती. केसरअक्का यांना रत्नाचा नमस्कार.

तुम्ही एसटीच्या पार्सलने पाठवलेलं खोकं काल मिळालं. त्यातून निघालं ते असं: ताकदीच्या पावडरीचा डबा एक, सहाशे चाळीस रुपये. स्मरणशक्तीचं औषध दोन बाटल्या, प्रत्येकी दोनशे दहा. व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या, एकशे छत्तीस. बदाम अर्धा किलो, त्यावर किंमत नाही, पण साडेचारशेच्या खाली नसतील. पार्सलचे सत्तर तुम्ही भरले, रिक्षाचे पन्नास मी. अक्का, हे सगळं कोणी खायचं? आईंच्या तोंडात दोन दात आहेत, एक वर, एक खाली. त्या दोघांचं तुमच्या-माझ्यासारखंच आहे, भेट म्हणून होत नाही. बदाम मी डब्यात भरून ठेवलेत. पावडर दुधात घालायची आहे, म्हणजे तीही डब्यातच राहणार.

फोन न करता पत्र का लिहिते, तर तुमच्या भावाने बंदी घातली आहे. मागच्या फोनवर आपण दोघी बोललो, म्हणजे तुम्ही बोललात आणि मीही गप्प राहिले नाही. आई समोरच बसलेल्या. फोन ठेवल्यावर दोन दिवस त्या विचारत होत्या, "कोनं घर भांडन शे?" तेव्हा हे म्हणाले, "दोघींनी काय ते लिहून बोला. लिहिताना माणूस निदान पेन शोधेपर्यंत तरी थांबतो."

तुम्ही विचारता, आई कशी आहे. एक्याण्णव्या वर्षी असायची तशी, असं मी आतापर्यंत म्हणत होते. पण आता घरभर मीच वेड्यासारखी फिरते. सोमवारी देवघरातली घंटी तांदळाच्या डब्यात सापडली. भाकरीचा तुकडा उशीच्या खोळीत ठेवतात, मुंग्या होतात, मग म्हणतात मुंग्या रत्नाने आणल्या. तेही रत्ना हे नाव आठवलं तर. काल मला विचारलं, "तू कोनी सून शे?" म्हटलं, तुमचीच. तर म्हणाल्या, "मन्हा पोऱ्यानं लगीन कव्हय व्हयनं? माले कोनी सांगंच नही." म्हणजे माझ्या लग्नाचं आमंत्रण त्यांना राहिलं, तो दोषही माझ्याच पदरात. शिवाय पायांना मुंग्या येतात, चालताना भिंत धरतात, जीभ लाल झाली आहे.

आता दुधाचं. आखाजीच्या सणाला तुम्ही माहेरी आलात, आईंच्या कपात काळा चहा पाहिलात आणि शेजारच्या बायकांसमोर म्हणालात, "आमच्या रत्नाच्या घरी दूध कुलपात असतं." मी तेव्हा पुरणपोळी लाटत होते, हातात लाटणं होतं, म्हणून बोलले नाही. आता लिहिते. मी रोज दीड लिटर दूध घेते. आईंना कपभर दूध रोज समोर ठेवते आणि ते रोज मांजर पिते. मी या घरात आले तेव्हापासून आई बिनदुधाचाच चहा पितात. विचारलं की एकच उत्तर, "माले पचत नही." आता पचत नाही तर मी काय नाकात ओतू?

उद्या त्यांना डॉक्टरांकडे नेते आहे. रक्त तपासायला सांगणार आहेत. काय निघतं ते कळवीन.

तुमची,
रत्ना

देवपूर, धुळे
२१ जून

चि. सौ. रत्ना हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. बदामाचा हिशोब वाचला. मी आईला खाऊ पाठवला होता, तुझ्या दुकानात माल भरला नव्हता. बदाम दात नसले तर भिजवून वाटून देतात, हे मॅट्रिक झालेल्या बाईला मी शिकवायचं का?

"पचत नाही" म्हणे. अगं, माझी आई दुधावर वाढलेली बाई. गावाला आमच्याकडे दोन म्हशी होत्या. सकाळी धार काढली की पहिला पेला उभ्यानेच प्यायची, ओठावर फेस तसाच. साय आम्हा पोरांच्या आधी तिच्या भाकरीवर जायची आणि आबा म्हणायचे, "झुंबर, म्हशीला तरी थोडं ठेव." माझं लग्न झालं तेव्हा ती अशी होती. मग तू घरात आलीस आणि आई काळा चहा पिऊ लागली. आता तूच सांग, यातून माणसाने काय समजावं? तुझा काटकसरी स्वभाव सगळ्या भाऊबंदांना माहीत आहे. चांगला गुण आहे, पण म्हाताऱ्या माणसाच्या कपात तो घालू नये.

आमच्या गल्लीत एका बाईची सासू अशीच भ्रमिष्ट झाली होती. व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली, पंधरा दिवसांत उठून बसली, सगळ्यांना नावानिशी हाका मारायला लागली. अठ्ठ्याऐंशीची बाई! म्हणजे होतं. करणारं माणूस पाहिजे.

आखाजीला मी पायरी चढून आत आले, वाकून पाया पडले, तर आई मला म्हणाली, "बसा बाई. तुमी कोन गावन्या?" तू आत पोळ्या लाटत होतीस, तू ऐकलं नसशील. तिने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं, पाहुणीला देतात तसं. लेकीला आई अशी आपोआप विसरत नाही. काहीतरी कमी पडतंय म्हणून विसरते. ते काय ते शोध, नाहीतर तिला माझ्याकडे पाठव. महिन्याभरात सुधारून देते.

हिलालला सांग, बहिणीला फोन करायला बंदी नाही.

केसर

मेहरूण, जळगाव
४ जुलै

ती. अक्कांना नमस्कार.

शोधलं. रिपोर्ट आला. व्हिटॅमिन बी बारा म्हणून असतं, ते दोनशेच्या वर पाहिजे. आईंचं अठ्ठ्याऐंशी निघालं. डी व्हिटॅमिनही कमी आहे. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, जशा तुम्ही बघता तसं.

मला म्हणाले, "आजी अंडं खातात का?" म्हटलं, घरात शिरत नाही. "मग दूध, दही, ताक?" म्हटलं, त्यांनाच विचारा. त्यांनी प्रेमाने विचारलं, "आजी, दूध का घेत नाही?"

आई म्हणाल्या, "तू पेस का?"

"हो, घेतो ना मी रोज."

"मंग तूच पे."

कंपाउंडर तोंड फिरवून हसला. मला मात्र जमीन फाटावी असं झालं.

डॉक्टरांनी दिवसाआड इंजेक्शनं सांगितली, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. मी विचारलं, याने डोकं ताळ्यावर येईल ना? कारण तुमच्या गल्लीतली बाई माझ्याही डोक्यात बसली होती. ते म्हणाले, "ताई, व्हिटॅमिन कमी आहे हे खरं. डोकं चालत नाही हेही खरं. पण एकामुळेच दुसरं झालं, हे मी शपथेवर सांगणार नाही. या वयात दोन्ही गोष्टी एकाच घरात राहायला येतात. पायाच्या मुंग्या जातील, चालणं सुधारेल, डोकंही थोडं उजळेल कदाचित. फार आशा ठेवू नका, पण देणं मात्र चुकवू नका." मला हे बोलणं आवडलं नाही. पण माणूस खोटं बोलणारा वाटला नाही.

आता माझ्याकडून घडलेलं सांगते, नाहीतर तुम्हाला दुसरीकडून कळेल. मी विचार केला, बाई समोरून घेत नाही तर मागून देऊ. चार दिवसांपूर्वी भाकरीच्या पिठात दोन चमचे दूध पावडर मिसळली. तुमच्या भावाला कळलं नाही, मला कळलं नाही. आई तिसऱ्या घासाला थांबल्या. भाकरी नाकाशी नेली, ताट सरकवलं आणि उठून मोरीत चूळ भरायला गेल्या. भिंतसुद्धा धरली नाही. मग माझ्याकडे बोट करून ओरडल्या, "माले बाटाडं तू!" मी बाटवलं त्यांना! दोन दिवस अन्नाचा कण नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या भावाने दुकानातून शेव-मुरमुरे आणले, ते खाल्ले. ज्या बाईला सकाळ की संध्याकाळ कळत नाही, तिला दोन चमचे पावडर कळते. नाक तेवढं शाबूत आहे.

मी कंटाळले आहे, अक्का. मंदिरात गेले तरी देवासमोर जीवनसत्त्वं मोजते.

रत्ना

देवपूर, धुळे
१२ जुलै

चि. सौ. रत्ना हिस आशीर्वाद.

अठ्ठ्याऐंशी हा आकडा मी दोनदा वाचला. माणसाचं एवढं कमी होईपर्यंत घरातल्या बाईचं लक्ष कुठे होतं?

आणि आता पावडर! घरात पावडर आहे, दूध नाही, हे मी म्हणत होते तेच झालं. आईला पावडर चालणार कशी? तिला म्हशीचं दूध लागतं, उतू आलेलं, वेलची घातलेलं. तू प्रेमाने दिलं असतंस तर तिने घेतलं असतं. ती ओरडली ती दुधावर नाही, फसवण्यावर ओरडली.

माझा योगेंद्र गुरुवारी कंपनीच्या कामाने जळगावला येईल. त्याच्याबरोबर डी व्हिटॅमिनच्या पुड्या पाठवते, दहा आहेत, रोज एक दे. दहा दिवसांत फरक दिसेल. वर वर भेटून लगेच निघेल तो, त्याला घाई असते, तेव्हा जेवायचा आग्रह करू नकोस.

येत्या श्रावणात तुमच्या घरी कानबाई देवी बसेल तेव्हा मी येते आणि आईला घेऊनच जाते. तू आता नाही म्हणू नकोस. मलाही तिच्याकडून काही ऐकायचं आहे, ती पूर्ण विसरायच्या आधी. काय ते तुला सांगण्यासारखं नाही.

केसर

मेहरूण, जळगाव
२२ जुलै

ती. अक्कांना नमस्कार.

पुड्या मिळाल्या. त्यावर स्वच्छ लिहिलं आहे, आठवड्यातून एक. तुम्ही लिहिता, रोज एक. डॉक्टरांना दाखवल्या तर ते मलाच ओरडले. जास्त झालं की याच व्हिटॅमिनने माणूस भ्रमतो म्हणाले. तेव्हा दहा दिवसांत फरक दिसला असता हे खरं, पण उलटा. आणि कशात मिसळून द्यायच्या? दुधात! मी पाण्यात देते.

हे पत्र मात्र पुड्यांसाठी नाही. बसून वाचा.

रविवारी कौतिकमामा आले होते, आईंचे धाकटे भाऊ. डोळे दाखवायला आले ते आपल्याकडेच उतरले. आई त्यांना ओळखतात, अगदी लहानपणच्या नावाने हाक मारतात. मी चहा केला. मामांना दुधाचा, आईंना काळा. मामांनी आईंच्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजून पाळस का, माय?"

आई चहा फुंकत राहिल्या. मी विचारलं, "मामा, काय पाळतात?"

मामांनी जीभ चावली. "काही नही. चहा चांगला शे."

"मामा."

"मी कानबाईनी आन खायेल शे, रत्ना. नको इचारू."

मी चहाची किटली खाली ठेवली आणि रिपोर्ट आणून त्यांच्या पुढे टाकला. मामांना वाचता कुठे येतं आणि डोळ्यांत औषध घातलेलं, तरी कागद हातात धरून बसले. मी म्हटलं, "मामा, हिच्या अंगात दुधातलं सत्त्व उरलेलं नाही. डोकं चाललंय. तीस वर्षं लोक म्हणतात रत्ना दूध देत नाही. तुम्ही तुमची शपथ पाळा, मी बोलणी खाते, आणि ही बाई विसरत विसरत जाऊ दे." मी एवढं मोठ्याने मामांशी कधी बोलले नव्हते.

मग त्यांनी सांगितलं, अक्का. तुमचा योगेंद्र दोन वर्षांचा होता, मेंदूज्वराने धुळ्याच्या दवाखान्यात होता, आठवतं ना? तुमचा निरोप गावाला आला की आईला पाठवा. बोरी नदीला पूर होता. आबांचा पाय मोडलेला, ते खाटेवर. आई तरी निघाल्या होत्या. मामा त्यांना घेऊन नदीपर्यंत गेले, पाणी उतरायची वाट बघत दुपारपर्यंत काठावर बसले, आणि मग परत आले. आल्या आल्या आई कानबाईच्या पाटासमोर गेल्या आणि म्हणाल्या, "माय, मन्ही केसरना पोऱ्या वाचाड. मी दूध, दही, ताक, तूप बठ्ठं सोडस. जीव जाईपर्यंत." मामांना आन घातली की केसरला कळू द्यायचं नाही. सांगितलं तर नवस फळत नाही म्हणून.

त्यानंतर दोन वर्षांनी मी लग्न होऊन आले. मला काय माहीत, ती बाई पूर्वी फेसासकट दूध पीत होती. आणि तुम्हाला त्या दोन-तीन वर्षांत सासरच्यांनी माहेरी पाठवलं नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा घरात मी होते आणि कपात काळा चहा होता.

मला आधी राग आला. इतका आला की संध्याकाळची दिवाबत्ती राहिली. मग भीती वाटली. मी भाकरीत पावडर घालून तिचा नवस मोडला की! दुसऱ्या दिवशी कडक उपास केला आणि कानबाईची ओटी भरली. मामांना विचारलं, इंजेक्शनातून आत जातं ते चालतं का? ते म्हणाले, "दंडाले तोंड रास का?" दंडाला तोंड असतं का, एवढं साधं. मला ते पटलं. सात इंजेक्शनं झाली आहेत. फरक आहे, अक्का. पायाच्या मुंग्या कमी आहेत. काल त्यांनी आपलं लुगडं आपण नेसलं आणि मला म्हणाल्या, "रत्ना, वरणात मीठ कमी शे." माझं नाव घेतलं. मीठ बरोबर होतं, पण मी वाद घातला नाही.

आता तुमचं काम. गावच्या भगताला तुमच्या भावाने फोन करून विचारलं. तो म्हणाला, ज्याच्यासाठी नवस धरला त्याने कानबाईसमोर स्वतःच्या हाताने दुधाची वाटी दिली की नवस सुटतो, देवी रागवत नाही. कानबाई तीन ऑगस्टच्या रविवारी बसते आहे. तुम्ही योगेंद्रला घेऊन या. तिच्या पोटात दूध जायला पाहिजे, इंजेक्शनं जन्मभर कुठवर टोचायची? येता की नाही ते लगेच कळवा.

रत्ना

देवपूर, धुळे
२७ जुलै

चि. सौ. रत्ना,

येतो. योगेंद्रला रजा टाकायला सांगितली आहे. तो म्हणाला, "मम्मी, एका वाटीसाठी?" मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं.

रत्ना, मी इतकी वर्षं धरून बसले होते की निरोप पाठवूनही आई आली नाही. पोरगं जाईल की राहील अशी रात्र होती आणि माझी आई आली नाही. मला तिच्या तोंडून तेवढंच ऐकायचं होतं की का आली नाहीस. आखाजीला विचारायचं म्हणून आले होते, तर ती म्हणाली तुमी कोन गावन्या.

नदीपर्यंत आली होती हे मला कोणी सांगितलं नाही.

दूध मी इथून आणते. आमच्या गवळ्याचं म्हशीचं.

केसर

मेहरूण, जळगाव
१६ ऑगस्ट

ती. अक्कांना रत्नाचा नमस्कार.

तुम्ही कानबाईचं जेवण न जेवता गेलात. तुमचं पान वाढलेलं होतं. प्रसादाचे रोट बाहेरच्याला देता येत नाहीत म्हणून ते घरातच संपवले, पण खीर, गंगाफळाची भाजी आणि तुमची दुधाची किटली उरली. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी कोणीही असतं तरी उठून गेलं असतं. योगेंद्रने किती आदबीने वाटी पुढे केली, म्हणाला, "आजी, मी योगेंद्र. तुझ्या नवसाचा." आणि आईंनी त्याच्या दाढीकडे बघून पदर सावरला. म्हणाल्या, "दादा, ठेवा तठे. मी दूध लेत नही." तुमचा हात त्यांनी धरून ठेवला होता, पण तो पाहुणीचा म्हणून. तुम्ही तो सोडवून घेतलात, चपला घातल्या आणि गेलात. योगेंद्र मागून पळाला, वाटी देवीपुढे तशीच राहिली.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

दिवे लावायच्या वेळी मी ओट्यावर बसले होते. खरं सांगते, देवीवरसुद्धा रुसले होते. एवढं सगळं जमवून आणलं आणि हिने एक घोट घेतला नाही. आई भिंत न धरता चालत आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, "रत्ना, धुयाना कागद उना का?"

म्हटलं, धुळ्याहून कसलं पत्र यायचं आहे?

"केसरना. पोऱ्या कसा शे ते काही कळनं नही. ताप उतरना का?"

अक्का, तेव्हा मला कळलं. त्यांना तुम्ही आठवता. तुमचं नाव आठवतं, पोर आठवतं, दवाखाना आठवतो. फक्त तुम्ही पंचविशीतल्या आहात आणि पोर अजून दोन वर्षांचं आहे, तापाने फणफणलेलं. त्या अजून नदीच्या काठावरून परत आलेल्याच आहेत. त्यांनी दूध कसं घ्यावं? पोर दवाखान्यात असताना कोणती आजी नवस सोडेल? तो दाढीवाला दादा वाटी घेऊन आला, तो त्यांच्या कोण लागतो?

मी म्हटलं, "आई, पोरगा बरा आहे. केव्हाच बरा झाला."

तर म्हणाल्या, "तू काय धुयाले गई व्हती?"

म्हणजे मी धुळ्याला जाऊन पोराला बघून आले होते का! नव्वदी ओलांडली, निम्मं जग विसरल्या, पण सुनेला टोमणा मारायची ताकद अठ्ठ्याऐंशीवरसुद्धा शाबूत होती आणि आता तर वाढली आहे. कारण रिपोर्टही आला. बी बारा सातशे चाळीस. डॉक्टरांनी मला कागद दाखवला, म्हणाले, "तरुणांचं नसतं एवढं." मी म्हटलं, "डॉक्टर, कागदावर त्या तरुण झाल्या, पण घरी लेकीला पाहुणी म्हणतात." ते म्हणाले, "ताई, जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं. चालणं आलं, तुमचं नाव आलं. बाकीचं व्हिटॅमिनच्या हातात नाही." मागे त्यांनी शपथ का घेतली नाही ते आता कळतं. तुमच्या गल्लीतल्या बाईचं मला माहीत नाही. तिचं तिच्यापाशी.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हेच. दिवा लागला की उठतात, दारात जाऊन बसतात. "कागद उना का? पोऱ्या कसा शे?" मी रोज सांगते बरा आहे, त्या रोज म्हणतात तू काय धुयाले गई व्हती. मग रात्री डोळा लागत नाही, कानबाईचा धावा चालतो. पूर्वी सगळंच विसरायच्या तेव्हा निदान झोपायच्या तरी. इंजेक्शनांनी एवढं केलं की काळजी करायची शक्ती परत आणली! मी सकाळी पाचला उठणारी बाई, अक्का. मी वैतागले आहे. तुमच्या भावाने फोनवर योगेंद्रचा आवाज ऐकवला, तर म्हणाल्या, हा मानूस कोन शे, याले म्हना फोन ठेव, दवाखान्याना फोन यी.

परवा मीच एक आंतरदेशीय आणलं, त्यावर लिहिलं आणि वाचून दाखवायला बसले. आईंनी ते पालथं केलं, उलटं केलं. "टपालवाला कव्हय उना? मी तं दारातच बठेल व्हती." माझी चोरी पकडली गेली, जशी पिठात पकडली होती.

तेव्हा आता हे तुमच्याशिवाय कोणाचं काम नाही. दुधाचा नाद मी सोडला आहे. तिने नवस केला, तो तिने पाळावा. शेवटपर्यंत पाळते म्हणाली तर शेवटपर्यंत. देवीच्या आणि तिच्या मध्ये मी दोन चमचे घेऊन परत उभी राहणार नाही. महिन्याला एक सुई आहेच. पण ते पोर तेवढं दवाखान्यातून घरी आणा.

एक पत्र लिहा. आईंच्या नावाने. "योगेंद्रचा ताप उतरला. त्याला घरी आणलं. भाकरी खातो, अंगणात पळतो. तुझ्या नवसाने वाचला." खोटं एक अक्षर लिहावं लागणार नाही, सगळं खरंच आहे, फक्त तारीख घालू नका. आणि नदीला पाणी होतं म्हणून तू येऊ शकली नाहीस ते कळलं, माझ्या मनात काही नाही, हेही लिहा, जर ते खरं असेल तर. नसेल तर ते राहू द्या, फक्त पोराचं लिहा. आईंना अक्षर येत नाही, पण चांगल्या बातमीचा कागद त्या बघताच ओळखतात. म्हणून चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावा, भरपूर, दुरून दिसेल असं. योगेंद्रच्या हाती देऊ नका, पार्सलात घालू नका. टपालातच टाका, म्हणजे आपला टपालवाला तो दारात येऊन त्यांच्या हातात देईल. त्याला मी सांगून ठेवलं आहे, तो हाक मारणार आहे, "झुंबरबाई, धुळ्याचं पत्र."

मी रोज दारात बसून त्यांच्याबरोबर वाट बघते आहे. उलट टपाली पाठवा.

तुमची,
रत्ना